रंगरावची स्क्रीन

त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत आहे, पण ते कुणी वापरत नाही. रंगराव हे नाव मी ठेवलं. पाणीपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात मी पूर्वेच्या टेबलावर बसते, तो पश्चिमेच्या, आणि मधे दीड हात जागा. नऊ वर्षं त्याची स्क्रीन माझ्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात आहे. आता त्या नावाची मला लाज वाटते, पण ते साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलंय आणि तो स्वतःही त्याला ओ देतो.

खोलीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. खिडकी नाही. थंड हवेचं यंत्र आहे, त्यातून गळणारं पाणी एका बादलीत पडतं, आणि बादली भरली की ती कुणी ओतायची यावरून पाणीपुरवठ्याच्या या खोलीत रोज वाद होतो. काम असं, की खालच्या साठ्यातून पंप पाणी उचलतात आणि उंचावरच्या टाक्यांत चढवतात, ते आम्ही स्क्रीनवर बघायचं. पंपाच्या जागी एक ठिपका असतो. पंप चालू असला की हिरवा, बंद असला की लाल. टाकी भरत आली की पंप बंद करायचा, नाहीतर पाणी वरून वाहतं. खालचा साठा आटलेला असताना पंप चालू राहिला तर तो जळतो. सकाळी आठ ते चार एवढी आमची पाळी. चारनंतर आणि आमच्या रजेच्या दिवशी पंपघरातला माणूस हातानं पंप चालवतो आणि आमच्या नावानं बोटं मोडतो.

आता रंगरावची स्क्रीन. तुमच्याआमच्या संगणकावर मागे एखादं डोंगराचं चित्र असतं, त्यावर फायलींची छोटी चित्रं पसरलेली, आणि विंडो एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. त्याच्याकडे यातलं काहीच नाही. त्याच्या विंडो फरशा बसवाव्यात तशा एकमेकींना लागून बसलेल्या, मधे केसाएवढी फट. नवीन उघडली की बाकीच्या अंग चोरून तिला जागा देतात. अशी नऊ पानं, एक की दाबली की एक पान जातं आणि दुसरं येतं. माउस ड्रॉवरमध्ये वायर गुंडाळून ठेवलेला. उजव्या कडेला उभी पट्टी, तिच्यात एकाखाली एक विजेट, म्हणजे माहितीच्या छोट्या चौकटी. वर घड्याळ, खाली टाक्यांच्या पातळ्या, त्याखाली पंप. मागची जमीन गडद निळी, कडा पिवळ्या. कुठला रंग, कडेची जाडी किती, कुठल्या कीनं काय होणार, हे सगळं त्यानं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवलंय. चौदाशे ओळी आहेत. त्या फाइलला तो वही म्हणतो.

आणि ही वही तो सतत खरडत असायचा. निळा जरा गडद कर, पिवळा जरा फिका कर, घड्याळ दोन बोटं डावीकडे ने, मग परत उजवीकडे आण. कधी कधी अख्खी सकाळ त्यात जायची. मी चिडायचे. "पाहुणे यायचेत का रे तुझ्या स्क्रीनवर?" मी विचारायचे. तो हसायचा आणि पट्टी अर्धं बोट खाली सरकवायचा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं मी दोन-तीनदा तोंडावर म्हणालेय. रंगराव हे नाव त्यातूनच आलं. एवढं करून त्याच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. अकरा वर्षांत पश्चिमेची एक टाकी वाहिली नाही की एक पंप जळला नाही. माझ्या टाक्या दोनदा वाहिल्यात, हेही सांगून टाकते.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या संगणकाचा पंखा बिघडला. दुरुस्ती होईपर्यंत तो माझ्या शेजारच्या जादा संगणकावर बसला. त्याच्यावर सगळ्यांचा असतो तोच साधा नकाशा होता, लाल-हिरव्या ठिपक्यांचा.

"ताई, तीन नंबर चालू आहे ना?" त्यानं विचारलं.

"चालू आहे."

दहा मिनिटांनी परत, "ताई, तीन नंबर?" मी मान हलवली. माझ्या पूर्वेला तेव्हा घोळ चालू होता, एक टाकी काठोकाठ आली होती. तेवढ्यात तिसऱ्यांदा, "ताई, तीन..."

"डोळे फुटलेत का तुझे?" मी ओरडले. "समोर एवढा थोरला हिरवा ठिपका दिसत नाही?"

तो ठिपक्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तेवढंच दिसत नाही."

चहाच्या वेळी त्यानं सगळं सांगितलं. लाल आणि हिरवा त्याला एकच दिसतात, वाळलेल्या गवतासारखे. भरतीच्या वेळी डोळ्यांची तपासणी होती. पडद्याआड डॉक्टर ठिपक्यांचं पुस्तक घेऊन बसलेले, दर पानावर ठिपक्यांत लपवलेला एक आकडा. ज्याला रंग कळतात त्याला आकडा दिसतो. याच्या पुढचा उमेदवार कानानं मंद असावा, आकडे ओरडून सांगत होता. यानं पडद्याबाहेर उभं राहून सगळे आकडे क्रमानं पाठ केले आणि आत जाऊन धडाधड म्हणून दाखवले.

"मला एकाही पानावर काही दिसत नव्हतं. नुसते ठिपके," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, उत्तम."

हे सांगताना तो हसला. मला हसू आलं नाही. पहिले काही महिने त्यानं कुठला पंप कधी सुरू होतो, कधी थांबतो, ते पाठ करून काढले. मग संगणक विभागातल्या एकानं सांगितलं की या जुन्या यंत्रावर वेगळी प्रणाली टाकली तर स्क्रीनचा सगळा चेहरामोहरा आपल्याला हवा तसा करता येतो. चारनंतर सहा महिने बसून तो ते शिकला. पंप चालू असला की निळा त्रिकोण, बंद असला की पिवळा चौकोन. निळा आणि पिवळा त्याला स्वच्छ दिसतात.

म्हणजे तो रंगांचा शौक नव्हता, कुबडी होती. आणि मी सात वर्षं एका लंगड्याला त्याच्या कुबडीवरून चिडवत होते. मला इतकं वाईट वाटलं की मी त्या दिवशी बादली न सांगता ओतून आले.

"कुणाला बोलू नका," तो म्हणाला. "खोट्या तपासणीवर नोकरी घेतली म्हणून सरळ घरी पाठवतील." मी शब्द दिला.

पण खरी गोम नोकरीत नव्हती. त्याची बायको, आमच्या वहिनी, बसनं चार तासांवरच्या शहरात नर्स आहेत. त्यांची आई तिथं अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे त्यांना ते शहर सोडता येत नाही. तेरा वर्षांची मुलगी त्यांच्यापाशी. हा इथं एका खोलीत, एक गॅस आणि एक खाट. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी तिकडं जायचा आणि रात्रीच्या आत परत यायचा. आमच्याच खात्याचा नियंत्रण कक्ष त्या शहरातही आहे, आणि या अकरा वर्षांत तिथं दोनदा जागा रिकामी झाली. यानं अर्ज करावा आणि जावं, इतकं ते सोपं होतं. पण तिथले संगणक मुख्य कचेरीतून कुलूप लावून आलेले. रंग सोडा, तिथं कुणाला घड्याळसुद्धा इकडचं तिकडं करता येत नाही. सगळीकडे लाल आणि हिरवे ठिपके. सबंध जगात एकच खुर्ची अशी होती जिच्यावर बसून त्याला पंप दिसायचे, आणि ती बायकोपासून चार तासांवर होती.

बायकोला त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. "साहेब सोडत नाहीत," एवढंच सांगत आला होता. मी म्हटलं, "अरे, सांगून टाक की." तो म्हणायचा, "झाकली मूठ आहे ताई, राहू द्या."

शेवटी वहिनीच आल्या. काही महिन्यांपूर्वी एका मंगळवारी, कुणाला न कळवता, साहेबांना भेटायला. नवरा भिडस्त, त्याला मागता येत नसेल, आपण पदर पसरू, असं त्यांनी ठरवलं होतं. आमचे साहेब देवमाणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फाइल मागवली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "अहो, यांचा अर्जच आलेला नाही कधी! मी कशाला अडवू? नवराबायकोंना एकत्र ठेवण्यासारखं पुण्य नाही. पुढच्या महिन्यात तिथं जागा होतेय, आजच शिफारस करतो." आणि त्यांनी तिथल्या तिथं सही केली.

वहिनी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. हातात पिशवी, पायात नर्सांच्या असतात तसल्या पांढऱ्या सपाट चपला.

"तुम्ही अर्जच केला नव्हतात?" त्यांनी विचारलं.

रंगराव उभा राहिला. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं, मग क्षणभर माझ्याकडे. त्या नजरेचा अर्थ न कळायला मी काही कुकुलं बाळ नव्हते. मला ओरडून सांगावंसं वाटलं की बाई गं, तुझी सवत मी नाही, ती निळी-पिवळी स्क्रीन आहे. पण शब्द दिलेला. मी आपली माझ्या टाक्या मोजत बसले.

"आपण घरी बोलू," तो म्हणाला.

"कुठल्या घरी?" वहिनी म्हणाल्या आणि निघून गेल्या.

बदलीचा हुकूम आठवड्यात आला. सगळ्यांनी अभिनंदन केलं, शिपायानं सगळ्यांना चहा आणला. रंगराव हसत सगळ्यांचे हात हातात घेत होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. महिनाभराची मुदत होती.

त्यानं तो महिना वाया घालवला नाही. रोज दुपारी तो माझ्या स्क्रीनसमोर बसायचा आणि मी परीक्षा घ्यायची. मी नकाशाच्या जुन्या नोंदी लावायचे, तो ठिपक्यांवर बोट ठेवून सांगायचा, चालू, बंद, बंद, चालू. हिरवा त्याला लालपेक्षा किंचित उजळ वाटायचा, त्यावरून तो ओळखायला शिकला. पंधरा दिवसांत दहातले आठ बरोबर यायला लागले. मग नऊ. नऊच्या पुढे गाडी हलेना. कितीही डोळे ताणले, पापण्या किलकिल्या केल्या, तरी दहातला एक चुकायचाच, आणि कुठला चुकणार ते आधी कळायचं नाही.

"नऊ म्हणजे काही कमी नाही," मी त्याला उगाच धीर द्यायला म्हटलं.

"शाळेत नाही ताई. इथं दहावा म्हणजे एक पंप."

दुसरा उपाय म्हणून त्यानं तिकडच्या संगणक विभागाला पत्र लिहिलं, की मी माझी मांडणी बरोबर आणली तर चालेल का. कारण दिलं 'कामाची सवय'. पत्र मी वाचून पाहिलं आणि सोबत पाठवायची वहीही तेव्हा पहिल्यांदाच वाचली. त्या फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला एक खूण केली की संगणक ती ओळ सोडून देतो. ती ओळ फक्त माणसांनी वाचायची, कुठली गोष्ट का केली ते आठवावं म्हणून. रंगरावनं तशा शेकडो ओळी लिहिल्या होत्या, तारखा घालून.

घड्याळ डावीकडे नेलं. पोरगी आज पहिल्यांदा शाळेत गेली, मी नव्हतो. पट्टी अरुंद केली. निघताना पोरगी बोट सोडत नव्हती. पिवळा फिका केला. हिच्या आईला ओळख पटली नाही. घड्याळ परत उजवीकडे. पोरीनं विचारलं, तुम्ही पाहुणे आहात का. कडा जाड केल्या. ही बोलली नाही.

तारखा पाहिल्या तर सगळे सोमवार. रविवारी तिकडून येऊन सोमवारी सकाळी तो ते करत बसायचा, आणि मी शेजारून विचारायचे, पाहुणे यायचेत का. मी ती फाइल पुढे वाचू शकले नाही. डोळे भरून आले म्हणून मी तोंड धुऊन आले.

"या ओळी काढून पाठव," मी त्याला म्हटलं.

"अरे हो," तो म्हणाला आणि ओशाळला.

तिकडून चार दिवसांत उत्तर आलं. बाहेरची कुठलीही फाइल चालणार नाही, सर्वांना एकच मांडणी. रुजू व्हायला आठ दिवस उरले होते. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात ते मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. जावं तर दहावा ठिपका, न जावं तर वहिनी. शेवटी एका सकाळी तो माझ्याकडे न बघता उठला, साहेबांच्या खोलीत गेला आणि ठिपक्यांच्या पुस्तकापासून सगळं सांगून मोकळा झाला. मला पंप नको, नोंदींच्या खोलीत बसवा, मीटर वाचायला पाठवा, पण त्या शहरात पाठवा, असं म्हणाला.

साहेबांनी आधी दार लावून घेतलं. हे सगळं मला त्यानंच नंतर सांगितलं. साहेब परत खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "हे तुम्ही मला सांगितलेलं नाही. मी ऐकलेलं नाही. तुमचं हलकं काम मागायचं कारण काय लिहू मी कागदावर? खरं लिहिलं तर अकरा वर्षांच्या सगळ्या पाळ्यांची चौकशी लागेल. तुम्ही जाल, तुम्हाला पास करणारे जातील, दरसाल तुमच्या कामावर 'उत्कृष्ट' लिहिणारा मीही जाईन." मग आवाज खाली आणून, अगदी मायेनं, "इथं तुमचं उत्तम चाललंय ना? बसा की गुपचूप. मी असेपर्यंत तुम्हाला कुणी हलवणार नाही."

दुसऱ्या दिवशी बदली रद्द झाल्याचा कागद आला. या कर्मचाऱ्याची सेवा या ठिकाणी अत्यावश्यक असल्यामुळे, असं त्यात लिहिलं होतं. कचेरीत पुन्हा अभिनंदन झालं. बघा, रंगरावशिवाय साहेबांचं पान हलत नाही! मला एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. साहेबांनी त्याला वाचवलं होतं, आणि वाचवताना दाराला बाहेरून कडी घातली होती.

त्यानं त्या संध्याकाळी वहिनींना फोनवर सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला वहिनी पुन्हा दारात. या वेळी त्या आत आल्या आणि आधी मला म्हणाल्या, "ताई, मागच्या वेळी मी तुमच्याबद्दल वाईट मनात आणलं. माफ करा." मी त्यांना माझी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"तुम्हाला काय वाटलं, मला ठाऊक नव्हतं?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "लग्नानंतर पहिल्या महिन्यात तुम्ही एक किलो टोमॅटो आणलेत, सगळे हिरवेगार. मी नर्स आहे. तेव्हाच कळलं मला. माणसाला लाज वाटत असेल म्हणून मी कधी बोलले नाही, बाजार माझ्याकडे घेतला. पण त्या टोमॅटोंपायी तुम्ही आम्हाला अकरा वर्षं तिकडं ठेवलंत, हे मला ठाऊक नव्हतं."

मी तोंड फिरवून बसले, पण दीड हातावर काय तोंड फिरवणार.

वहिनी त्याच्या स्क्रीनजवळ गेल्या. "काय आहे हे? सांगा तरी मला." त्यानं सांगितलं. हे घड्याळ, या टाक्या, हा त्रिकोण म्हणजे पंप चालू. त्या एकेका गोष्टीवर बोट ठेवत खाली येत गेल्या. सगळ्यात खाली एक आकडा होता, नाव नसलेला. चार हजार तीनशे बारा. मी तो रोज एकानं कमी होताना पाहिला होता आणि कुठल्यातरी मीटरचा असेल असं धरून चालले होते.

"आणि हे?"

"दिवस. निवृत्तीला उरलेले."

वहिनींनी मनात हिशोब केला. "म्हणजे पोरगी पंचवीस वर्षांची होईल," त्या म्हणाल्या.

मग त्या पिशवी खांद्याला लावून सरळ उभ्या राहिल्या. "माझी बस साडेबाराची आहे. माझा पगार आपल्याला पुरतो. तुम्ही घर बघा, आईला बघा, पोरीला शाळेत सोडा. राजीनामा पोस्टानं पाठवता येतो. यायचं तर आत्ता या. एकदा तुम्ही विचार करायला बसलात की उठत नाही."

तो स्क्रीनकडे बघत होता. पश्चिमेच्या तीन टाक्या भरत होत्या, सगळं सुरळीत.

"ताई," तो म्हणाला, "जरा माझी बाजू बघाल? हिला बसपर्यंत सोडून येतो."

"जा," मी म्हटलं. "निवांत जा. मी आहे."

त्यानं खुर्चीवरचं जाकीट उचललं. बसपर्यंत सोडायला जाणारा माणूस उन्हाच्या वेळी जाकीट नेत नाही. दार लागलं आणि मी मनातल्या मनात हात जोडले. बाबा रे, येऊ नकोस. चढ त्या बसमध्ये.

बारा वाजले, सव्वाबारा झाले. साडेबाराला बस सुटली की मी पंपघराला फोन करून सांगणार होते की आजपासून पश्चिम तुम्हीच सांभाळा, हातानं. मला इतका आनंद झाला होता की मी तो फोनही विसरले आणि डबा उघडायचाही. बारा चाळीसला पश्चिमेच्या संगणकावर धोक्याची पहिली शिट्टी वाजली. तीन नंबरची टाकी ब्याण्णव टक्के. मी पंपघराला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. तिथला माणूस जेवायला गेला असणार, रंगराव खुर्चीवर असताना त्याला काळजी करायची सवयच नव्हती. चौऱ्याण्णव. त्या टाकीखाली वस्ती आहे.

माझ्या नकाशावर पश्चिमेचे ठिपके नुसते दिसतात, ते पंप बंद करायची मुभा फक्त त्याच्या नावानं उघडलेल्या संगणकाला आहे. मी त्याच्या खुर्चीवर जाऊन बसले. समोर निळे त्रिकोण. दाबायचं काय? बटण नाही, माउस नाही. माउस ड्रॉवरमधून काढून जोडला, तर त्या स्क्रीनला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. नऊ वर्षं डाव्या डोळ्यानं बघत आले होते, पण त्याची बोटं कुठल्या कीवर पडतात ते कधी पाहिलं नव्हतं. शहाण्णव.

मी त्याला फोन लावला. पहिल्याच घंटेला त्यानं उचलला. मागे बसचं इंजिन ऐकू येत होतं.

"तीन नंबर बंद कसा करू?" मी ओरडले.

"घाबरू नका. डावीकडची कोपऱ्यातली की दाबून धरा आणि तीन दाबा. मग..."

मी काहीतरी दाबलं. सगळं नाहीसं झालं.

"गेलं! सगळं गेलं रे!"

"काय दिसतंय?"

"काही नाही. नुसतं निळं."

"रिकाम्या पानावर गेलात. आता तीच की धरून एक दाबा."

मी एक दाबला की अकरा दाबला देव जाणे, पुन्हा निळं, मग पट्टीही गेली. शिट्टी मात्र वाजत राहिली. "रंगराव, मला जमत नाही," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

इंजिनाचा आवाज येत होता. मग त्यानं कुणालातरी हळूच काहीतरी सांगितलं, आणि मला म्हणाला, "आलो."

तो वीस मिनिटांत आला, धापा टाकत, एकटा. उभ्या उभ्याच दोन कीज दाबल्या. स्क्रीन परत आली, तीन नंबरचा त्रिकोण चौकोन झाला. शिट्टी थांबली. टाकी बारा मिनिटं वाहिली होती. नंतर पंपघरातल्या माणसानं कळवलं की रस्ता ओला झाला आणि एका घराच्या पायरीपर्यंत पाणी आलं, बाकी काही नाही. बारा मिनिटांच्या पाण्यासाठी मी त्याला परत बोलावलं होतं. वाहू द्यायला हवी होती ती टाकी. मी आजही स्वतःला तेच सांगते.

त्यानं जाकीट खुर्चीला अडकवलं आणि बसला.

"वहिनी?" मी विचारलं.

"गेली. तिला उतरून चालणार नव्हतं, आईजवळ कुणी नव्हतं."

"आणि तू बसमध्ये होतास?"

"हो," तो म्हणाला. "शेजारी शेजारी जागा मिळाली होती."